होडीचा पास

नववीला इतिहासात पोर्तुगीज शिकवताना मी सनावळ्या उरकायचो आणि कार्ताझवर रेंगाळायचो. कार्ताझ म्हणजे सोळाव्या शतकातला पोर्तुगिजांचा समुद्री परवाना. पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यात फिरणाऱ्या गलबतांनी तो परक्यांकडून घ्यायचा. नसला तर माल गेला, कधी जीवही. "नुसत्या तोफांनी समुद्र ताब्यात येत नाही," मी सांगायचो, "कागद लागतो." बाकीचा वर्ग डुलक्या घेई. एकाने मात्र परीक्षेत या एका प्रश्नावर चार पानं लिहिली. मी ती स्टाफरूममध्ये वाचून दाखवली होती.

मुरुडच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या किनाऱ्यावर जलक्रीडेचा ठेका पुढे त्याच विद्यार्थ्याने घेतला. उद्घाटनाला मला शाल, नारळ आणि मान वाकवणारा हार मिळाला. खरं काम त्याआधीच झालं होतं. कोळी संमतीच्या कागदावर सह्या करीत नव्हते. "सर, तुम्ही शब्द टाका," तो म्हणाला होता. "त्यांच्या होड्या कोण हलवतंय?"

मी शेजारच्या म्हाताऱ्या कोळ्याकडे गेलो. त्याने कागद वाचलासुद्धा नाही. "गुरुजी, तुमचा शब्द हाय ना? मंग झाला." त्याच्यामागे सगळ्यांनी सह्या केल्या.

पावसाळा सरला. कोळी होड्या उतरवायला गेले, तर वाळूत दोर बांधलेला आणि शिट्टीवाला रखवालदार पास मागतोय. मी तडक ठेकेदाराच्या तंबूत गेलो.

"पास फुकट आहे, सर. पर्यटकांच्या सुरक्षेसाठी."

"पोर्तुगीज निदान पैसे घेत. आपण काही विकतोय, एवढं तरी कबूल करत."

तो मोकळेपणाने हसला. "तुम्हीच शिकवलंत ना, कागद लागतो म्हणून?"

"तो इशारा होता रे!"

"मला पद्धत वाटली." त्याने माझ्यासाठी शहाळं मागवलं. मी ते न पिता उठलो.

संध्याकाळी म्हातारा पासाचा अर्ज घेऊन दारात. गावातले सगळे अर्ज मीच भरून देतो. "भरा, गुरुजी. सकाळी जायाचा हाय."

'किनाऱ्यावर येण्याचे कारण' असा रकाना होता. "काय लिहू?"

"लिवा, माझी होडी तिथं हाय."

तसंच लिहिलं. खाली ओळखीच्या माणसाची सही हवी होती.

"तुमचीच करा," तो म्हणाला. "तुमचा शब्द चालतो तिथं."

त्याच्या आवाजात टोमणा शोधला. असता तर सही करणं सोपं गेलं असतं.