आमाच्या अंगणातली चिमूटभर माती

पार्तिनीला चेटकीण ठरवलं, आणि तेही कागदावर लिहून. त्रेंगालेक जिल्ह्यातल्या आमच्या डोंगरात तिच्याइतकी भित्री बाई दुसरी नव्हती. पाल अंगावर पडली तर शेजारणीला हाक मारायची. नवरा गेल्यावर सहा महिने दिवा लावून झोपली. आणि ही म्हणे काळी जादू करते.

आमच्याकडे कुणी परमुलखात निघालं की आई चुलीमागची चिमूटभर माती फडक्यात बांधून देते. नव्या जागी पोचलं की ती पाण्यात टाकायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी प्यायचं. त्यानं पाय ठरतो. रडू येतच नाही असं नाही, पण रडून झाल्यावर भांडी घासायला उठता येतं. आमच्या आज्या प्यायल्या, आया प्यायल्या, कुणाचं पोट दुखलं नाही.

पार्तिनी सिंगापूरला घरकामाला निघाली तेव्हा तिच्याही आईनं माती दिली. तिथल्या ज्या कचेरीमार्फत तिला काम मिळणार होतं तिथं आधी तिचे केस मानेपर्यंत कापले. मग पुरचुंड्या तपासल्या. बाकीच्या अकरा मुलींच्या अकरा पुरचुंड्या कचऱ्याच्या डब्यात गेल्या. पार्तिनीची वाचली, कारण तिनं ती झंपरात खोचली होती. कचेरीत एक नियम शिकवला, रडायचं असेल तर न्हाणीघरात, नळ सोडून. पाण्याचं बिल मालकाला येतं, तेव्हा नळही फार वेळ सोडायचा नाही. म्हणजे रडायचं, पण मापात.

हे शिकवणारी कोण, तर आपल्या शेजारच्या पोनोरोगो जिल्ह्यातली बू सुलास. बू म्हणजे बाईच. तीही एके काळी अशीच आली होती, आता खुर्चीवर बसून दुसऱ्यांचे केस कापवत होती.

घर मिळालं ते बाराव्या मजल्यावरचं. मालकीण लिलियन, तिचा नवरा, आणि नवऱ्याची आई. तिला सगळे आमा म्हणत, म्हणजे आजी. वय एक्याऐंशी. आमा जुन्या वळणाची, आमच्या बोलीला जवळची मलय भाषा बोलणारी, त्यामुळे पार्तिनीशी तिचं छान जमलं. सुनेशी इंग्रजीत बोलायची वेळ आली की आमा बहिरी व्हायची.

चार महिन्यांपूर्वी आमाचं घर विकलं होतं. खाली अंगण, विहीर, चिकूचं झाड असलेलं घर. तिला न विचारता विकलं आणि तिला इथं आणून ठेवलं, फुलदाणी ठेवावी तशी. आमा रोज सकाळी पिशवी भरायची, पावडर लावायची, आणि दाराच्या जाळीशी खुर्ची ओढून बसायची.

"कुठं निघालात, आमा?"

"घरी. कोंबड्यांना कोण बघणार?"

कोंबड्या मरून वीस वर्षं झाली होती. जाळीला कुलूप होतं. आमा दुपारपर्यंत बसायची आणि मग जेवायला नको म्हणायची. हातांची हाडं मोजता येतील अशी झाली होती.

डॉक्टर आले, गोळ्या झाल्या. लिलियन म्हणाली, "वयामुळे होतं असं." पार्तिनी मनात म्हणाली, वयामुळे कशाला होईल? हिचं घर कुठंय आणि ही कुठंय, ते बघा की.

आणि मग पार्तिनीनं स्वतःच्या पुरचुंडीतली चिमूट आमाच्या पाण्यात टाकली. आमानं पाणी पिऊन तोंड वाकडं केलं, बस. त्या दिवशी पार्तिनी धुणं वाळत घालताना मध्येच थांबली. अगं बाई, आपण दिली ती त्रेंगालेकची माती. उद्या म्हातारीला त्रेंगालेकची ओढ लागली तर? तिला तिथं कोण ओळखतं?

माती आमाच्याच अंगणातली हवी होती.

मासळी आणायला गेली तेव्हा आमाकडून पत्ता विचारून घेतलेली पार्तिनी बसचे दोन थांबे पुढं उतरली. जुनं घर पाडलं होतं, भोवती पत्रे ठोकले होते. दारावर मलय राखणदार बसला होता, पान चघळत.

"आत काय हवंय तुला? आत आता काही राहिलं नाही."

"चमचाभर माती द्या, काका."

"सोनंबिनं पुरलंय का कुणी?"

"इथल्या आमा होत्या ना, चिकूवाल्या. जेवत नाहीत. त्यांना द्यायचीय."

राखणदारानं पानाची पिंक टाकली, आत गेला आणि चिकूच्या बुंध्याजवळची माती वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. त्याला याहून जास्त सांगावं लागलं नाही. सांगावं लागतं ते शिकलेल्यांना.

पार्तिनीनं पाणी उकळलं, माती टाकली, निवळू दिलं, वरचं गाळून आमाला दिलं. आमा अर्धा पेला प्यायली आणि पेल्याकडं बघत राहिली. पावडर लावलेल्या गालांवरून पाणी ओघळलं. मग म्हणाली, "भातात आलं घाल जरा." त्या दिवशी आमा वाटीभर पेज जेवली. दुसऱ्या दिवशी दीड वाटी, वर तक्रार, की मीठ कमी आहे. पार्तिनीला ती तक्रार ऐकून गाणं म्हणावंसं वाटलं.

पाचव्या दिवशी लिलियननं पेल्याच्या तळाशी गाळ बघितला. मग ओट्यामागची वर्तमानपत्राची पुडी सापडली.

"हे काय आहे? माझ्या सासूला काय घालतेस तू?"

"माती आहे, मॅडम. त्यांच्याच घरची."

"कसली माती? कबरस्तानातली? मला माहीत आहे तुमच्या बायकांचं, माणूस बांधून ठेवता तुम्ही."

बांधून ठेवायला जाळीला कुलूप कुणाचं होतं, हे तोंडाशी आलेलं पार्तिनीनं गिळलं. आयुष्यभर गिळण्याचीच सवय. सासू पाच दिवस जेवतेय हे लिलियनला दिसलं नाही, पण पेल्यातला गाळ बरोबर दिसला.

दुपारपर्यंत पार्तिनी कचेरीत बसली होती, समोर बू सुलास, मध्ये कागद. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं. बू सुलासनं वाचून दाखवलं, काळी जादू करण्याच्या हेतूनं घाण पदार्थ वृद्धेला पाजला, चूक मान्य आहे, माफी मागते.

"अंगठा लाव. मॅडम ठेवून घेतील तुला. नाही लावलास तर परवाच्या बोटीनं परत, आणि तुझ्या कामाच्या वहीत हेच लिहिलं जाईल. मग एकही घर मिळणार नाही."

"मी जादू केली नाही, बू."

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे ना? मग कागदावर कसं आलं?"

"बाई गं, हे लोक असेच. त्यांना एक शब्द द्यायचा, म्हणजे ते गप्प बसतात. आपलं काय जातं?"

पार्तिनीचे कान तापले. भित्री बाई चिडली की तिला थांबता येत नाही, कारण सवय नसते.

"तुम्ही पोनोरोगोहून आलात तेव्हा काय प्यायला होतात?"

बू सुलासनं दारापलीकडं बघितलं. "हळू बोल."

"आईनं दिलेलं प्यायला होतात की नाही? आणि आता मुलींच्या पुरचुंड्या डब्यात टाकता, वर आईच्या हातच्या मातीला घाण म्हणून लिहिता. मॅडमला माहीत नाही, त्यांचं सोडा. तुम्हाला माहीत आहे."

"शहाणपणा पुरे. लावतेस की नाही?"

"मी माती पाजली असं लिहा, लावते. मॅडमना न विचारता पाजली असंही लिहा. ते खरंय. जादू लिहिलंत तर बोट तोडून न्या, अंगठा मिळणार नाही."

तिला मागच्या खोलीत बसवलं, जिथं परत जाणाऱ्या मुली बसतात. दोन दिवस ती तिथं बसली. भीती वाटत नव्हती असं नाही. घरी जाऊन काय सांगायचं, चेटकीण होऊन आले? पण अंगठा तिनं पदराखाली मुठीत धरून ठेवला होता, जणू कुणी झोपेत लावून घेईल.

बोटीच्या दिवशी सकाळी लिलियन आली. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. आमानं दोन दिवस घोटभर पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, आणि सुनेनं पुढं केलेला चमचा तिच्याच महागड्या रेशमी झग्यावर उलटा केला होता.

"चल," लिलियन म्हणाली. "जाऊ दे झालं ते."

"तो कागद?" पार्तिनीनं विचारलं.

"तो राहू दे. कोण बघतंय?"

"मी बघते."

लिलियननं बू सुलासकडं बघितलं. बू सुलासनं खण उघडला, कागद काढला आणि मधोमध फाडला. माफी कुणीच मागितली नाही. पार्तिनीनं दोघींच्याही तोंडाकडं बघितलं, मग आपलं गाठोडं उचललं.

टॅक्सीत बसल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "आमांना द्यायला काय केलं होतंत?"

"ओट्स," लिलियन म्हणाली.

"ओट्स," पार्तिनी म्हणाली. आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. मालकीण दोनदा काहीतरी बोलली, पण पार्तिनी आमासारखीच बहिरी झाली होती.