सांधे माझे, शाबासकी ह्यांची

लग्नाआधी आमच्या ड्रॉइंग ऑफिसात मला सगळे 'दीदी' म्हणायचे. मग पुण्याहून एक मराठी ड्राफ्ट्समन नोकरीला आला, त्याच्याशी माझं लग्न झालं, आणि बोर्ड तोच, स्टूल तेच, पण मी एकदम 'बौदी' झाले. बौदी म्हणजे वहिनी. ह्यांची बायको! अहो, ह्यांनी कलकत्ता पाहिलंही नव्हतं तेव्हापासून मी तिथे लोखंडी शेडची ड्रॉइंग काढत होते.

आम्ही डमडमहून एकाच गाडीने सियालदहला यायचो, शेजारशेजारच्या बोर्डांवर बसायचो. साहेब फेरीला आले की थांबायचे मात्र ह्यांच्या बोर्डापाशी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. नवऱ्याचा कुणी हेवा करतं का? मी करायचे, चांगला पोटभर करायचे. त्यात आमच्या सेक्शनचे हेड निवृत्त व्हायचे होते, आणि दुर्गापूजेच्या सुट्टीआधी साहेब नवा हेड निवडणार होते. ती जागा मला हवी होती. ह्यांनाही हवी होती.

त्याच सुमारास ह्यांच्याकडे एका शेडचं काम आलं. जमीन एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला चिंचोळी. म्हणजे प्रत्येक फ्रेमची रुंदी वेगळी, आणि प्रत्येक फ्रेम सांध्या-प्लेटांसकट पहिल्यापासून काढायची. हे अगदी रडकुंडीला आले.

रविवारी मी माझ्या ब्लाउजच्या कागदावरून बहिणीचा ब्लाउज बेतत होते. गळा तोच, मुंढा तोच, फक्त अंगात वाढवायचं. आणि एकदम लक्षात आलं, छपराचा उतार सगळीकडे एकच ठेवला तर सांधे बदलतच नाहीत! बदलते ती मधली लांबी. मग सांधे एकदाच मोठे काढावेत, त्यांना अक्षरं द्यावीत, आणि प्रत्येक फ्रेमच्या नुसत्या रेघा मारून टोकाला अक्षर आणि मध्ये लांबी लिहावी. झालं काम! जेवताना उत्साहाच्या भरात सगळं ह्यांना सांगून बसले.

काम भराभर उरकलं, साहेब खूश झाले. हे खरं बोलले, बरं का. सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, ही युक्ती माझ्या बायकोची."

साहेब खो खो हसले. "बौदी, असा दिलदार नवरा मिळायला भाग्य लागतं!"

घ्या! युक्ती गेली ती गेलीच, वर मोठ्या मनाचे म्हणून कौतुकही ह्यांचंच. खोटं बोलले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

पुढची शेडही ह्यांच्याकडेच आली, आणि तिच्या छपराला दोन वेगवेगळे उतार होते. तेवढ्यात ह्यांना मलेरिया झाला. हे घरी गोधडीत कुडकुडत होते, आणि ऑफिसात मी एकटी. वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, मला उकळ्या फुटत होत्या. दोन उतार, म्हणून सांध्यांचे दोन संच केले, बाकी सगळं तसंच. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. ड्रॉइंग स्वतः नेऊन साहेबांच्या टेबलावर पसरली.

साहेबांनी चष्मा लावला. एकेक सांधा बघितला. बराच वेळ मान डोलावत राहिले.

"वा! अंगात एवढा ताप, तरी घरी बसून त्याने हे केलं?"

"सर, हे मी..."

"तुम्ही दोघं अगदी एकसारखे, तो तुमचं नाव सांगतो, तुम्ही त्याचं राखता. त्याला म्हणावं, हेडची जागा तुझीच, आता आराम कर. आणि जाताना त्याच्यासाठी एक शहाळं न्या."

संध्याकाळी सियालदह स्टेशनाबाहेर मी शहाळं घेतलं. चांगलं मोठं, पाण्याने भरलेलं बघून घेतलं. आणि तिथेच उभी राहून सगळं पिऊन टाकलं.