खर्जाची तार आणि बारावा मणका

स्पिरिटचा वास मला त्या दुपारी दोनदा आला. एकदा मिरजेच्या इस्पितळात, जिथे माझी धाकटी बहीण अनघा उताणी पडून होती. आणि एकदा तिथून दहा मिनिटांवरच्या तंबोऱ्याच्या कारखान्यात, जिथे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख लाकडावर चढवत होते. पहिला वास थंड, नाकाला चावणारा. दुसऱ्याला भुशाची ऊब... त्या दोन जागांच्या मध्ये जे घडलं, ते इथे लिहिते आहे.

आधीच सांगून टाकते — अशा गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. साताऱ्याच्या एका कॉलेजात मी कविता शिकवते. रूपक कुठे संपतं हे ओळखणं हाच माझा धंदा. आमच्या वाईच्या घरात कुणाची दृष्टसुद्धा कधी काढली गेली नाही.

अनघा पाचगणीच्या एका निवासी शाळेत गाणं शिकवते. गेल्या श्रावणात, सभागृहाच्या शेवाळलेल्या पायऱ्या तंबोरा घेऊन उतरताना तिचा पाय घसरला. हात सोडवून तिला कठडा धरता आला असता. तिने तंबोरा धरला. छातीचा बारावा मणका चेचला, उजवीकडच्या तीन बरगड्यांना तडे गेले, आणि तंबोऱ्याचा भोपळा वरपासून खालपर्यंत उकलला.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी प्लास्टिकचा कणा हातात घेऊन समजावलं — मानेचे मणके सात, छातीचे बारा, कमरेचे पाच. “मज्जारज्जू तुटलेला नाही, दबलेला आहे. सूज उतरेल तसं कळेल.”

“पाय परत येतील?”

“आज हो म्हणत नाही. नाहीही म्हणत नाही.”

रोज सकाळी ते टाचणीने तपासायचे आणि संवेदना जिथे संपते तिथे निळ्या पेनाने रेघ ओढायचे. रेघ बेंबीखाली चार बोटांवर होती. तिच्या वर माझी बहीण होती. खाली नुसतं ऊबदार, परकं वजन. बावीस दिवस ती रेघ हलली नाही.

शुद्धीवर आल्यावर अनघाने पहिल्यांदा तंबोऱ्याचीच चौकशी केली होती. “ठणठणीत आहे,” मी म्हणाले, “वाईला, आईच्या खोलीत.” आजारी माणसाला वाईट बातमी द्यायची नाही ही आमच्या घरची रीत, आणि आई, मी, सगळ्यांनी ती एकमुखाने पाळली. खरं तर मी तो फुटका तंबोरा तिच्याच पाठोपाठ मिरजेला आणून दुरुस्तीला टाकला होता.

तेविसाव्या दिवशी कारागिरांचा फोन आला. दुपारची वेळ होती. अनघाला झोप लागली होती. औषधं आणते असं सिस्टरना सांगून मी निघाले.

कारागीर सत्तरी ओलांडलेले. गल्लीत सगळे त्यांना चाचा म्हणतात. ऐकू कमी येत असल्याने तेच मोठ्याने बोलतात.

“भोपळ्याला आतनं चार फासळ्या बसवल्यात, मॅडम,” लाकडाच्या पातळ पट्ट्यांना त्यांचा हा शब्द, “आता पडू दे किती पडायचं ते.”

माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं कोण जाणे, पण त्यांनी एकदम तंबोराच उचलला. मग मांडी घालून बसले आणि तंबोरा उजव्या कुशीला, अगदी खालच्या बरगड्यांना टेकवून तारा लावू लागले.

“असा का धरता, चाचा?”

“कान कवाच रिटायर झाल्यात. ह्या खालच्या दोन फासळ्या बघा, पुढनं कशालाच जोडल्याल्या न्हाईत. मोकळ्या हायत, म्हणून झ्याक ऐकत्यात.”

मला ते इतकं सुंदर वाटलं, की मी फोन काढून व्हिडिओ घेऊ लागले. पंचम लागला. मधल्या दोन तारांची जोड लागली. खर्जाची तार मात्र चढली, गुंजली आणि खुंटी सरकून ढेपाळली. “नखरे करतीया,” चाचा म्हणाले. दुसऱ्यांदाही तेच. मग त्यांनी खुंटीला खडू चोळला, डोळे मिटले, आणि तिसऱ्यांदा खर्ज टिकला — भुईतून वर आल्यासारखा, जाड, मधाच्या रंगाचा स्वर. माझ्या बुडाखालची सतरंजी थरथरली.

मी परत आले तेव्हा अनघा टक्क जागी होती. गालांवरचं पाणी सुकलेलं नव्हतं.

“ताई, तंबोरा कुठे आहे?”

“वाईला. सांगितलं ना.”

“खोटं बोलू नकोस. मघाशी कुणीतरी खर्ज लावत होतं. मला पाठीत कळलं. आणि इथे...” तिने हात निळ्या रेघेखाली नेला, मांडीवर ठेवला. “दोनदा सुटला. तिसऱ्यांदा टिकला.”

मी सिस्टरकडे वळले.

“लय दंगा केला ह्यांनी,” सिस्टर म्हणाल्या. “गादीखाली मोबाईल वाजतोय का बघा म्हणं! मी सगळी गादी चाचपली. काय बी न्हाई. मग लिवून ठेवलं.”

त्यांच्या कागदावर होतं: ४.१०, पाठीत व मांड्यांत कंप जाणवतो. माझ्या फोनमधला व्हिडिओ ४.०८ ला सुरू होतो आणि चार मिनिटं चालतो.

मी तिला सगळं सांगितलं. भोपळ्याचंही. “फुटका तंबोरा वाईला ठणठणीत!” ती म्हणाली, “कवितेत तरी जरा बरं खोटं शिकवत जा गं.” बावीस दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि बरगड्या दुखल्या म्हणून कळवळली.

डॉक्टर आले, टाचणी फिरली. रेघ जागची हलली नाही. “नसा जाग्या होताना असं काहीबाही जाणवतं,” ते म्हणाले. “चांगलं लक्षण असू शकतं.”

“आणि दोनदा सुटणं?”

“ते माझ्या पुस्तकात नाही.”

मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला आहे. ती खुंटी पूर्वीपासून खोडकर. अनघाच्या हाताला तिची सवय ठाऊक होती. झोपेत मनाने ते जुनं सुटणं-टिकणं पुन्हा वाजवलं असेल. मान्य. पण नेमक्या त्याच मिनिटांना? आणि जिथे टाचणीसुद्धा पोचत नव्हती, तिथे? तंबोरा आणायला गेले तेव्हा चाचांना विचारलं. “माझ्या फासळीला काय लागलं ते मला ठावं,” ते म्हणाले. “तिच्या फासळीचं तिला इचारा.” याहून बरं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही, आणि खरं स्पष्टीकरण तर नाहीच.

पुढे तिला मी साताऱ्याला माझ्या घरी आणलं. पायांना काही लागलं तरी तिला कळणार नाही, म्हणून तळवे रोज धुऊन, निरखून बघायचे, असं सिस्टरनी बजावलं होतं. एका सकाळी मी परातीत कोमट पाणी घेऊन बसले होते. उन्हाचा कवडसा पाण्यात हलत होता, शिकेकाईचा वास येत होता, अनघा खुर्चीत शाळेतल्या मुलींची पत्रं वाचत होती. मी तिच्या उजव्या तळव्यावरून बोटं फिरवली. पत्र खाली आलं. तिने माझ्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू, कुणी ऐकून ते परत नेईल अशा धास्तीने, म्हणाली,

“गुदगुल्या.”