कॉफीच्या बरणीतल्या गोळ्या

त्या इमारतीत त्यांना सगळे कंडक्टरच म्हणत. बसची नोकरी सुटून वर्षं झाली, पण आवाजाला काही कुणी निवृत्त केलं नव्हतं. सकाळी अंगणातल्या कचऱ्याच्या ड्रमांपाशी उभे राहिले की वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं, "ओ वहिनी, दुधाची पिशवी न धुता टाकलीत! वास मारतोय!" वहिनी बिचारी मुकाट्याने पिशवी घेऊन परत जिना चढायची.

लोक वैतागायचे, मागून नावं ठेवायचे, पण ऐकायचे. कारण हा माणूस नुसता बोलत नसे, स्वतः ड्रममध्ये हात घालायचा. पूर्वी त्या अंगणात कचऱ्याचा ढीग असायचा, कुत्री पिशव्या फाडून जिन्यापर्यंत ओढत आणायची. आता ओल्या कचऱ्याचं खत होत होतं आणि धुतलेलं प्लास्टिक महिन्याकाठी टेम्पोतून जात होतं. एवढं सगळं एकट्याने, शिव्या खाऊन उभं केलेलं. मग थोडी मिजास असणारच की हो!

त्यांना नडत होत्या त्या गोळ्यांच्या स्ट्रिप. आणि त्या सापडायच्या कुठे, तर त्यांच्याच घरात. म्हातारी आई रोज तीन गोळ्या घ्यायची, रक्तदाबाची, साखरेची आणि हृदयाची. अर्ध्यामुर्ध्या स्ट्रिप उशीखाली, खिडकीत, चष्म्याच्या घरात.

"आई, मी गावाला शिकवत फिरतो आणि आपल्याच घरात हा पसारा? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!" एकदा ते कडाडले.

म्हातारीने ते मनाला लावून घेतलं. पुढच्या वेळी टेम्पो आला, तेव्हा तिने लेकाच्या हातात एक पिशवी दिली. आत सगळ्या स्ट्रिप, रिकाम्या, चपट्या करून रचलेल्या. कंडक्टर असे खूश झाले की विचारू नका! अंगणात ती पिशवी उंच धरून म्हणाले, "शिका जरा माझ्या आईकडून!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. खिडकीतून म्हातारी लाजून हसली. महिना संपलेला नाही, गोळ्या संपलेल्या नाहीत, मग एवढ्या स्ट्रिप रिकाम्या झाल्या कशा, हे मात्र या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

चार-सहा दिवसांनी भर दुपारी बायकोची किंकाळी ऐकू आली. आई स्वयंपाकघरात फरशीवर पडलेली, घामाने निथळलेली, हाक मारली तर ओ नाही. तशीच उचलून दवाखान्यात नेली.

"साखर एकदम खाली गेलीय. काय काय घेतलंय यांनी? स्ट्रिप घेऊन या, लवकर!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कंडक्टर धावत घरी आले. उशी उलटली, खण उपसले, कपाट रिकामं केलं. एक स्ट्रिप म्हणून सापडेना. मग बायकोने फळीच्या मागून कॉफीची जुनी बरणी काढली. आत मूठभर पांढऱ्या गोळ्या, सगळ्या एकत्र.

"अगं आई गं!" बायको ओरडली. कंडक्टरांना आता सगळं कळलं. स्ट्रिप टेम्पोत गेल्या होत्या, त्यांनीच चढवल्या होत्या. बरणी छातीशी धरून ते तसेच परत पळाले.

संध्याकाळी म्हातारीने डोळे उघडले. डॉक्टरीणबाईंनी बरणी तिच्यासमोर धरली. "आजी, यातली साखरेची कुठली?"

"काय ठाऊक, बाई. सगळ्या पांढऱ्याच. रोज तीन घ्यायला सांगितल्यात, तीन घेते."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे रोज चिठ्ठी काढल्यासारखं? आज तिन्ही साखरेच्याच आल्या असतील! जीव गेला असता, आजी! हे असलं करायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

म्हातारीने लेकाकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली. "कुणी नाही. माझंच खूळ. त्याला बिचाऱ्याला यातलं काही माहीत नाही."

मरणाच्या दारातून आलेली बाई, आणि शुद्धीवर येताच खोटं बोलत होती, लेकासाठी.

"मी सांगितलं," कंडक्टर म्हणाले. "घरात स्ट्रिप दिसायला नकोत म्हणून मीच ओरडलो होतो तिच्यावर."

चादरीखालून म्हातारीने त्यांचा हात घट्ट दाबला.

"गप रे," ती कुजबुजली, "बाई तुला रागावतील."