दाजी गुरुवार विसरले नव्हते

दाजी सहलीला निघाले की कपड्यांच्या पिशवीआधी ज्वारीच्या पिठाचा डबा गाडीत चढायचा. हिरव्या रंगाचा, पत्र्याचा, पलटणीतून आणलेला. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, त्याच्या तोंडाला फडकं बांधून द्यायची आणि दरवेळी म्हणायची, "आवं, जिथं चाललाय तिथं पीठ मिळत न्हाई व्हय?" दाजी म्हणायचे, "मिळतं की. पण रिकाम्या हातानं कुणाच्या चुलीपुढं बसायचं कसं?"

ते खरोखर चुलीपुढं बसायचे. फलटणजवळच्या गावचा, फौजेतून हवालदार होऊन परतलेला, मिशीवाला, सहा फुटी माणूस कुणाच्याही घरी गेला की हातपाय धुऊन परात मागायचा आणि भाकरी थापायला घ्यायचा. घरातल्या बाया आधी लाजायच्या, मग हसायच्या, मग जवळ येऊन बघायच्या. पठाणकोटजवळच्या एका गावात दाजींच्या मित्राच्या आईनं भाकरीबरोबरचा खर्डा चमच्यानं खाल्ला. तिला ती साधी चटणी वाटली. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दोन पेले लस्सी प्याली आणि तिनं पुन्हा वाटी पुढं केली. दाजी त्या दिवसापासून तिला आईच म्हणू लागले. बदल्यात ते त्या घरातला एक पदार्थ शिकून घ्यायचे आणि परत आल्यावर सगळ्या भावकीला करून घालायचे. आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांनी सरसूची भाजी खाल्ली ती दाजींच्या हातची. "पाला चांगला हाय, पर शेरडानं खायचा," असं एक जण म्हणाला होता. दाजींनी त्याला पुन्हा वाढली.

मे महिना आणि दिवाळीची सुट्टी त्यांनी कधी शेतातल्या उसाला दिली नाही. ती आमची. आक्का आणि तिची दोन मुलं, सांगलीतल्या विश्रामबागेतून मी, माझी बायको आणि मुलगा, असे आम्ही सगळे. कधी रेल्वेनं, कधी जीपनं. दाजींच्या यादीत ठिकाणं नसत, माणसं असत. यंदा कुठं, असं विचारलं की उत्तर यायचं, "सेल्वमकडं." हा पलटणीतला सेल्वम कुठं राहतो, तिथं डोंगर आहे का समुद्र, हे आम्ही नंतर नकाशात बघायचं. मी एकदा म्हणालो, एखाद्या चांगल्या हॉटेलात राहू या की. दाजी म्हणाले, "हाटेलात ऱ्हायलं की गाव दिसतं, पावणं. माणूस दिसत न्हाई." मी त्यांचा मेव्हणा, म्हणून मला ते आयुष्यभर पावणंच म्हणत राहिले.

पहाटे शिट्टी वाजवून ते सगळ्यांना ओळीत उभं करायचे. पोरं, बायका, मीसुद्धा. मग दिवसभराचा हुकूम सुनवायचे आणि त्यातला शेवटचा हुकूम कधी बदलायचा नाही: "ताटात आलेलं आदी खायचं, मग नाव इचारायचं." या एका हुकमामुळं माझ्या मुलानं लहानपणी जेवढ्या चवी चाखल्या, तेवढ्या मी चाळिशीपर्यंत चाखल्या नव्हत्या. मित्रमंडळीही उलट भेटीला फलटणला यायची. सेल्वम त्याच्या बायकोला घेऊन आला आणि उसाच्या फडात उभा राहून नुसता हसत होता. त्याच्या बायकोनं आक्काच्या आमटीत मूठभर चिंच घातली. आक्का चिडली, चाखून बघितली आणि पुन्हा वाढून घेतली. अजून ती आमटी तशीच करते.

हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. दाजींची आणखी एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, आणि ती खोटी आहे. ती मीच पसरवली. दाजींना जाऊन दोन वर्षं झाली, मी चौऱ्याहत्तरचा आहे, आता ती दुरुस्त केली पाहिजे.

तीस वर्षांपूर्वीच्या दिवाळीत दाजी आम्हा तिघांना जत तालुक्यातल्या एका वस्तीवर घेऊन गेले; आक्का आणि तिची मुलं त्या वर्षी आली नव्हती. त्यांच्या पलटणीतला बिराप्पा तिथं राहायचा. धनगर माणूस, पेन्शनवर आलेला, पुन्हा मेंढरांमागं लागलेला. घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालायच्या. त्याची बायको मायव्वा आम्हाला बघून दारातच म्हणाली, "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का, असं ती विचारत होती. पण उत्तराची वाट बघायची तिला गरज नव्हती. बिराप्पानं दाजींच्या नावानं वर्षभर एक बकरं राखलं होतं. ते सकाळीच कापलं होतं. दाजी नेहमीप्रमाणं भाकरीला बसले. अंगणात घोंगड्या अंथरल्या, वस्तीवरची चार माणसं पाहुण्यांना बघायला येऊन बसली.

मी ते घर बघत होतो. वाड्यातल्या मेंढरांचा वास, ताटांवर बसणाऱ्या माश्या, टँकरनं आलेलं आणि उघड्या पिंपात भरून ठेवलेलं पाणी. पुढं अनेक वर्षं मी स्वतःला सांगितलं, की मुलाच्या पोटाची काळजी वाटली. ती वाटली हे खरं आहे. पण मी ऑफिसातला साहेब झालो होतो, विश्रामबागेत बंगला बांधत होतो आणि या घरात, या माणसांबरोबर मांडीला मांडी लावून जेवायला मला कमीपणा वाटला, हेही खरं आहे. दुसरं कारण जास्त खरं आहे.

ताटं वाढली तेव्हा मी म्हणालो, "अरेरे, आज गुरुवार. आमच्या घरात सगळ्यांचा उपवास असतो."

माझी बायको माझ्याकडं बघतच राहिली. आमच्या घरात गुरुवार कोणी धरत नव्हतं. उलट बाजार गुरुवारी असल्यानं आमच्याकडं त्याच दिवशी मासे यायचे. दाजींना हे ठाऊक होतं, कारण गुरुवारी आमच्याकडं येऊन ते कितीदा तरी मासे खाऊन गेले होते.

मायव्वा हातातली पळी घेऊन उभी राहिली. बिराप्पा दाजींकडं वळला. "हवालदारसाब, पावण्यांचा उपास हाय त्ये तुमी बोलला न्हाई?"

दाजींनी माझ्याकडं एकदाच बघितलं. मग स्वतःच्या कपाळावर हात मारला. "माजीच चूक रं गड्या! फौजेत वार कुनाच्या ध्यानात ऱ्हातोय? पार इसरलो बघ. पावण्यांची काय बी चूक न्हाई." आणि त्यांनी माझं ताट स्वतःपुढं ओढलं, मग बायकोचं, मग मुलाचं. त्या दिवशी दाजी चार माणसांचं जेवले. मायव्वानं आम्हाला शेंगदाणे आणि गूळ आणून दिला. वस्तीवरच्या माणसांतलं कुणीतरी कानडीत काही बोललं आणि बाकीचे हसले. मायव्वा हसली नाही. ती आत गेली आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.

परतताना संध्याकाळी मिरजेच्या अलीकडं एका ढाब्यावर थांबलो. पोटात कावळे ओरडत होते. मी अंडाभुर्जी मागवली. दाजी नुसता चहा घेत होते. ते म्हणाले, "पावणं, आज गुरुवार लवकर सुटला की."

एवढंच. पुन्हा त्यांनी तो विषय आयुष्यात काढला नाही. मी मात्र काढला. त्या वर्षीच्या एका लग्नात कुणीतरी दाजींच्या सहलींचं कौतुक करत होतं, तेव्हा मी म्हणालो, "कसलं नियोजन? आमच्या दाजींनी गुरुवारी उपवासाच्या माणसांपुढं मटण मांडलं!" सगळे हसले. दाजीही हसले. मग ती गोष्ट दर लग्नात, दर बारशाला माझ्याकडून मागितली जाऊ लागली आणि मी ती, तेव्हा आम्ही गुरुवार धरायचो असं जोडून, रंगवून सांगू लागलो. खोट्याला किती लोक हसतात त्यावर ते खरं होत जातं. दाजी म्हणजे वार विसरणारा माणूस, असं घरात ठरून गेलं. नातवंडं त्यांना मुद्दाम विचारायची, "आजोबा, आज कोण वार?" ते मुद्दाम चुकीचा सांगायचे.

त्या दिवसानं काय मोडलं हे मला फार उशिरा कळलं. बिराप्पा फलटणला येत राहिला, पण एकटा. मायव्वा कधी आली नाही. दाजी दरवर्षी तिला बोलावणं धाडायचे आणि बिराप्पा दरवर्षी मेंढरांचं कारण सांगायचा. शेवटच्या आजारात मी दाजींजवळ बसलो होतो. सहलींच्या गोष्टी निघाल्या. कोण कोण येऊन गेलं ते दाजी बोटांवर मोजत होते आणि मध्येच थांबून म्हणाले, "समद्यांच्या बायका आमच्या घरी जेवून गेल्या. एक मायव्वा तेवडी ऱ्हायली." माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मागच्या दिवाळीत मी मुलाला गाडी काढायला लावली. आक्काला फलटणहून आणवून घेतलं, सून आणि दोन नातवंडं बरोबर घेतली. बायको घरीच राहिली; तिला खरं आधीपासून ठाऊक होतं. बिराप्पाला फोन केला तर तो अदबीनं म्हणाला, "या की. फकस्त वार कुठला धरता तेवडं सांगा, मंजी तसं करतो." तीस वर्षांनीही त्याला ते विचारावं लागत होतं.

वस्ती बरीच बदलली आहे. पक्कं घर, छपरावर सोलरचं पॅनेल, अंगणात नातवाची मोटारसायकल. मेंढरं आहेत. नातवंडं कोकरांमागं धावली, मुलगा आणि सून त्यांच्यामागं. अंगणात आम्ही चौघं म्हातारी माणसं उरलो. चहा यायच्या आधीच मी बोलायला सुरुवात केली, कारण एकदा पाहुणचार सुरू झाला असता तर माझा धीर गेला असता. मी सगळं सांगितलं. उपवास नव्हता. दाजी काही विसरले नव्हते. मला तुमच्या घरी जेवायचं नव्हतं, म्हणून मी खोटं बोललो आणि त्यांनी ते स्वतःवर घेतलं.

पहिली बोलली ती आक्का. "मंजी त्येंचं इसरनं... त्ये खोटं व्हतं?"

"होय, आक्का."

"अन् तू दर लग्नात त्येच सांगून हसवायचास."

"होय."

"मी बी हसायची रं," ती म्हणाली. "त्येंच्या तोंडावर हसायची."

बिराप्पा काठीनं जमिनीवर रेघा ओढत होता. मला वाटलं आता हा मला उठवणार. तो म्हणाला, "हवालदार माज्याशी खोटं बोलला."

"माझ्यासाठी बोलले."

"तुमच्यासाटी कशाला बोलंल? तुमी कोन?" त्यानं मान वर केली. "माज्या बायकूला खरं कळलं तर तिला किती लागंल, म्हनून बोलला. मला ठावं हाय तो मानूस. तुमाला न्हाई कळला."

मायव्वा उंबऱ्यावर बसून होती. तिनं कानडीत भराभरा काहीतरी म्हटलं. बिराप्पानं ते आक्काला सांगितलं, मला नाही. "ती म्हनतीया, आपल्या पावण्यांचा वार बी इचारला न्हाई मंजी हवालदारानं आमाला मानसात धरलंच न्हाई, असं मी समजले. इतकी वर्सं त्येच्या घरी गेले न्हाई. आता तो न्हाई. आता मी कुनाला सांगू?"

आक्का गुडघ्यावर हात टेकत उठली. उंबऱ्याजवळ जाऊन मायव्वाच्या शेजारी बसली. "मला सांगा की," ती म्हणाली. "त्येंच्यावर रागावलेलं समदं मला सांगा. मला बी सांगायचंय."

दोघी बराच वेळ बोलत होत्या. एकीला कानडी येत नाही, दुसरीची मराठी अर्धी. कधी दोघींच्या डोळ्यांना पदर लागायचा, कधी एकदम हसू यायचं. दाजींची कुठली गोष्ट चालली होती कोण जाणे. मला कोणी माफ केलं असं म्हणालं नाही, मीही विचारलं नाही. दुपारी सगळ्यांच्या पंगतीत माझं ताट मांडलं गेलं. मायव्वानं वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही. माझी नात मात्र तिच्याकडून कानडीत दहापर्यंत आकडे शिकून आली.

जानेवारीत, ऊसतोडणी ऐन भरात असताना, आक्काचा सकाळी फोन आला. आवाज इतका मोठा होता की मला वाटलं काही वाईट झालं. "बिराप्पा येतोय. दोगं बी येनार हायेत! तू आजच्या आज निघून ये. मला काय करू अन् काय नको झालंय. तुजं काम एवडंच, त्येंला स्टँडवरनं घेऊन यायचं."

मी तासभर आधीच फलटणच्या स्टँडवर जाऊन बसलो. विट्याला गाडी बदलून ते आले. बिराप्पा आधी उतरला आणि पिशव्या घ्यायला डिकीकडं गेला. मायव्वा दारात थांबली. एसटीची पायरी उंच असते आणि तिचे गुडघे माझ्यासारखेच झाले आहेत. मी पुढं झालो. तिनं एकदा खाली बघितलं, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळा भार टाकून उतरली. उतरल्यावर तिनं तो हात काढला नाही. स्टँडच्या फाटकापर्यंत तसाच राहू दिला.