दोन डॅक, अकरा बायका आणि मी

बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली ती दोन महिन्यांसाठी. नात आता भिंत धरून चालते, चौदा महिन्यांची झाली. बायकोचे दोन महिने मात्र अजून भरायचे आहेत.

मी इकडे मोहाडीत. शाळामास्तर, निवृत्तीला तीन वर्षं बाकी. घर तीन खोल्यांचं. एकटा माणूस एका वेळी एकच खोली वापरू शकतो, हे मला या चौदा महिन्यांत कळलं. बाकीच्या दोन खोल्या माझ्याकडे पाठ करून बसलेल्या असतात. सकाळी भात लावतो, तोच संध्याकाळी खातो. सुरुवातीला हाताच्या सवयीनं दोघांचा लागायचा. उरलेला शेजाऱ्याच्या कुत्र्याला जायचा. कुत्रं दारातून आत शिरताना अडकू लागलं, तेव्हा मी माप सुधारलं.

रोज संध्याकाळी सातला बायकोचा फोन येतो. नातीनं काय खाल्लं, काय थुंकलं, मी काय खाल्लं, गॅसचं बटण बंद केलं काय. मग ती विचारते, "ठेवू काय जी?" आणि मी म्हणतो, "हो, ठेव." एवढंच. 'ये' हा एका अक्षराचा शब्द आहे. तीस वर्षं पोरांना बाराखडी शिकवली, पण हे एक अक्षर माझ्या तोंडातून निघत नाही. लेकीची नोकरी पुन्हा सुरू झालेली, लहानग्या पोरीला सांभाळायला घरचं माणूस पाहिजेच. आणि पंचावन्नाव्या वर्षी मास्तरनं 'तुझ्यावाचून करमत नाही' असं कसं म्हणायचं? मनाई कुठं लिहिलेली नाही. पण मी आयुष्यभर न लिहिलेले नियमच जास्त पाळत आलो.

म्हणून मग मी गाण्याच्या डब्याच्या मागे लागलो. त्याचं असं झालं.

दिवाळीला आलेल्या जावयानं मला एक स्ट्रीमर आणून दिला. साबणाच्या वडीएवढी वस्तू. इंटरनेटवरची गाणी वाजवते, पेनड्राइव्हमधलीही वाजवते. घरात माझा जुना अॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर होतेच, त्यांना तो जोडला. शिवाय जावयानं आणखी एक काम केलं. माझी एक जुनी कॅसेट आधी पुण्याला नेऊन त्यानं तिची फाइल करून आणली होती.

ती कॅसेट म्हणजे माझा खजिना. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या आदल्या पावसाळ्यातली. नवा जिल्हा आणि आमची लेक एकाच वर्षी जन्मली, त्यामुळे हे साल मी कधी विसरत नाही. सासुरवाडी साकोलीकडे, एकोडीला. तिथं सासऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणा सुरू होता. अकरा बाया चिखलात वाकून रोपं लावत होत्या आणि गात होत्या. मी नवा टेपरेकॉर्डर घेतलेला नवा जावई. रुबाबात ते गाणं टेप करून घेतलं.

त्या अकरा जणींत माझी बायको आहे. एरवी ती कधी गात नाही. गा म्हटलं तर तोंडाला पदर लावते. म्हणजे तिचं गाणं जगात फक्त या एका कॅसेटमध्ये. पण जुन्या टेपवर अकरा आवाजांचा गोळा ऐकू यायचा. यात तिचा कोणता, ते कधी कळलं नाही. ती घरात होती तोवर मला त्याची गरजही वाटली नाही.

दिवाळीत ते गाणं स्ट्रीमरवर लावलं, तरी गोळाच. जावई म्हणाला, "बाबा, याच्या आतला कन्व्हर्टर अगदी साधा आहे. वेगळा डॅक लावा. एकेक आवाज सुटा होईल."

"डॅक म्हणजे?"

त्यानं खूप समजावलं. मी माझ्यापुरतं असं समजून घेतलं की फाइलमध्ये गाणं नसतंच, नुसते आकडे असतात, पोत्यातल्या तांदळासारखे. डॅक ते शिजवतो, तेव्हा कानाला खाता येतात. तांदूळ तोच, पण कोणाच्या हातचा भात मोकळा होतो, कोणाच्या हातचा गिचका. भाताच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला एवढं पुरे. तो 'सुटा' शब्द माझ्या डोक्यात बसला.

जावई गेला. मी दोन महिने परीक्षणं वाचली. एका डॅकचा स्वर म्हणे उबदार, दुसऱ्याचा थंड. एकाचं 'स्टेज' रुंद. आमच्याकडे स्टेज म्हणजे मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचं. रुंद म्हणजे किती, दोन बैलबंड्या जातील एवढं काय, असा प्रश्न मला पडला. पण विचारायचं कोणाला? शेवटी दोन डॅक मागवले, एक काळा, एक चंदेरी. दहा दिवसांत न आवडलेला परत करता येत होता.

आता पाहा गंमत. दोन डॅकची तुलना करायला दोन माणसं लागतात. एकानं खुर्चीत डोळे मिटून बसायचं, दुसऱ्यानं मागं जाऊन वायर बदलायची. कोणता लावला ते सांगायचं नाही. हे मी पाच ठिकाणी वाचलं, आणि पाचही जणांच्या घरी दुसरं माणूस होतं. मी खुर्चीत बसायचो, ऐकायचो, मग गुडघा धरून उठायचो, अॅम्प्लिफायर बंद करायचो, हे सगळं ज्यावर मांडलं ते कपाट सरकवून मागच्या लाल-पांढऱ्या पिना बदलायचो, कपाट लावून परत खुर्चीत यायचो. तोवर पहिल्याचा आवाज कसा होता हे विसरलेलो असायचो. डोळे मिटून काही उपयोग नव्हता. वायर मीच लावलेली.

तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याला बोलावलं. हा तलावात जाळं टाकतो, आणि त्या जाड कुत्र्याचा मालक. त्याला म्हटलं, "तू वायर बदल, मी ऐकतो."

त्यानं हात मागं घेतले. "हात वले हायेत गुरुजी. करंट मारन. तुमीच बदला, मी आयकतो."

म्हणून माझे कान सोडून त्याचे कान खुर्चीत बसले. मी चार वेळा कपाट सरकवलं. तो डोळे मिटून इतका गंभीर बसला की मला वाटलं झोपला.

"काय वाटते?"

"दोनी डब्ब्यात बाया सारख्याच गावून राह्यल्या." मग म्हणाला, "पण मांगं बेडकं वरडतेत, आयकले काय? पानी नुकताच थांबला असन."

मी ते बेडूक सत्तावीस वर्षांत ऐकले नव्हते. उठता उठता तो म्हणाला, "वयनी कवा येतेत, गुरुजी?"

"येईल दोन महिन्यांत."

"हे तं मांगच्या वर्षी बी म्हनले होते तुमी," असं म्हणून तो गेला. कुत्रं मागून हळूहळू गेलं.

चंदेरी डॅक मला जास्त आवडू लागला होता. त्यात जीव आहे, जोर आहे, असं मी जावयाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, दोन्हींचा आवाज सारखा करून ऐकलं ना? चंदेरी मुळातच थोडा मोठ्यानं वाजतो." म्हणजे मी त्याच्या मोठ्या आवाजालाच गुण देत होतो. वर्गातसुद्धा जो पोरगा मोठ्यानं उत्तर देतो त्याला हुशार समजायची माझी खोड जुनीच.

आवाज सारखे केले तेव्हा काळा जिंकला. खरोखर जिंकला. पाचव्या दिवशी शाळेतून आलो, चहा न घेता बसलो, आणि तिसऱ्या कडव्यात एक आवाज सुटा झाला. किंचित घोगरा. सगळ्यांच्या अर्धं पाऊल मागून येणारा. मला क्षणभरही शंका आली नाही. बायको सगळीकडे मागूनच येते. एसटीत शेवटी चढते, लग्नात शेवटी जेवते, फोटोत कडेला अर्धी येते. दुसरं कोण असणार?

मी ते कडवं किती वेळा ऐकलं ते सांगत नाही. तुम्ही हसाल. शाळेत निघताना ते लावून ठेवायचो आणि दारातून "येतो" म्हणायचो. आल्यावर पहिलं तेच. तीन खोल्यांपैकी दोन माझ्याकडे तोंड करून बसल्या.

नवव्या दिवशी मी बायकोला सांगायचं ठरवलं. डब्याचं सांगायचं, त्या निमित्तानं 'तुझा आवाज घरात पाहिजे' हेही त्यात कुठंतरी घालून द्यायचं, असा माझा बेत होता. सातला फोन आला. मी मोबाइल स्पीकरसमोर धरला. उत्तम डॅकची परीक्षा मोबाइलवरून करू नये हे मला माहीत होतं, पण माझ्या दृष्टीनं परीक्षा संपलेली होती.

"ऐक. तिसरं कडवं. आता येईल… आली! ही तू."

तिनं कडवं पूर्ण ऐकलं. मग ती म्हणाली, "हे मी?"

"हो तं. सगळ्यांच्या मागून."

"अवो, हे माही मोठी वयनी हाय. सर्दी झाली होती तिले त्या दिवशी."

"मग तू कोणती?"

"मी गायलीच नाही जी."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? आठवत नाही काय तुमाले? तिसरा महिना होता मले. मायनं बांधीत उतरूच नाही देलं. मी काठच्या धुऱ्यावर बसून तुमचा टेप धरून होती. चिखलात पडन, नीट धर, नीट धर, धा खेप म्हनले तुमी. मले नीट बस म्हनून एक डाव नाही म्हनलं."

मागून लेक हसत ओरडली, "म्हणजे बाबा, मीपण होते तिथं!"

ज्या सालाचा मी जन्मभर हिशेब सांगत आलो, त्यातली साधी वजाबाकी मला आली नव्हती. बायकोची वयनी एकोडीला धडधाकट आहे, दरवर्षी आंब्याचं लोणचं पाठवते. आणि मी चार दिवस तिच्या सर्दीला "येतो" म्हणत होतो.

"माहाच आवाज पायजे असन," बायको हसू आवरत म्हणाली, "तं पार शेवटी पाहा. गाणं संपल्यावर बोलली होती मी काहीतरी." तेवढ्यात नात रडली. "ठेवू काय जी?"

"हो, ठेव."

ठेवल्यावर लक्षात आलं की जे घालून द्यायचं होतं ते राहूनच गेलं.

गाण्याचा शेवट मी कधी ऐकलाच नव्हता. बायांचं शेवटचं कडवं झालं की मी बंद करायचो. पुढं नुसती खरखर, असं गृहीत धरलेलं. त्या संध्याकाळी बंद केलं नाही. बाया हसल्या, कोणीतरी कोणाला तरी चिखल मारला. आणि मग एकदम जवळून, कानाशी, कारण टेप तिच्याच हातात होता,

"बंद करू काय जी?"

लांबून एक पोरगेलासा आवाज आला. तो माझा होता. "राहू दे अजून थोडा वेळ."

पुढं कोणीच बोललं नाही. बेडूक. चिखलातून पाय निघाल्याचा आवाज. वारा. आणि टेपजवळ तिचा श्वास, थोडा धापेचा. असं बराच वेळ चाललं. मग खट्.

मी उठून चंदेरी डॅक लावला. त्यातही ती तशीच होती. मग दोन्ही काढले आणि स्ट्रीमर नुसताच जोडला, त्याच्या त्या साध्या कन्व्हर्टरवर. तरीही तशीच. अकरा बाया सुट्या करायला डॅक लागत होता. तिला सुटं करायचं काही कारणच नव्हतं, ती गोळ्यात कधी नव्हतीच. एवढ्या जवळ बसलेलं माणूस मी इतकी वर्षं बांधीत शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी चंदेरी परत पाठवला. काळा ठेवला. त्याचं स्टेज रुंद आहे म्हणून नाही; पुन्हा कपाट सरकवायची गुडघ्याची तयारी नव्हती.

सातला फोन आला. नातीला दात येतोय, पोळी चावते. इकडचं काय, काही नाही. मग, "भात लावला काय?"

"लावला."

"एकट्याचाच लावता ना आता?"

"आज दोघांचा लागला."

"काहून?"

याचं उत्तर माझ्याजवळ होतं. एका अक्षराचं. ते आलं नाही. मग तिनं नेहमीचं विचारलं, "ठेवू काय जी?"

"राहू दे अजून थोडा वेळ," मी म्हणालो.

तिनं फोन ठेवला नाही. तिला टेप आठवला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तिकडे कुकरची शिट्टी झाली. नात ताटावर काहीतरी आपटत होती. इकडे पंखा, आणि दारात माप चुकल्याचा वास लागून येऊन बसलेलं कुत्रं. मोबाइलचा आवाज तो केवढासा, पण तिचा श्वास नीट ऐकू येत होता.

ती कधी येणार, ते अजून ठरलेलं नाही. त्या दिवशी फोन कोणी ठेवला, तेही मला सांगता येणार नाही. मी नाही, आणि मला वाटतं तिनंही नाही. बहुतेक नातीचं बोट लागलं.