दोनच सीटची गाडी

माझी गाडी बंद पडते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला ते ऐकवायला नको. ऐन आवकीच्या दिवसांत तुमसरच्या धान्यबाजारासमोर ती बंद पडली आहे. रेल्वे फाटक उघडल्याबरोबर, रुळांच्या जरा अलीकडे बंद पडली आहे. चिखल्याच्या खाणीच्या रस्त्यावर बंद पडली तेव्हा मागे मँगनीजच्या ट्रकांची रांग लागली होती. पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हात जोडून म्हणाला, "मॅडमजी, ये खिलौना घर में रखा करो." मी म्हटलं, "भैया, घर में ही तो दिक्कत है."

घरात दोन गाड्या आहेत. एक पांढरी, साधी, पाच जणांची, नवऱ्याची. तिच्यात भाताच्या गिरणीचे पट्टे, कोंड्याची पोती, गॅसचं सिलिंडर, लग्नाचे आहेर, आजारी माणसं, सगळं जातं. तिला कधी कुणी शेड बांधली नाही, तिच्यावर कधी कुणी कापड घातलं नाही. किल्ली फिरवली की ती सुरू होते आणि सांगाल तिथे जाते. दुसरी माझी. लाल, बुटकी, जमिनीला पोट टेकवून चालणारी, दोनच सीटची, आणि वयाने अशी की तिचे पार्ट बनवणं कंपनीने केव्हाच सोडून दिलं आहे.

मी शाळेत खेळ शिकवायची. ऐन तरुणपणी एकदा मुलींचा कबड्डीचा संघ घेऊन नागपूरला गेले होते. तिथे सिग्नलला अशीच एक गाडी येऊन थांबली. आत एकटी बाई. शेजारच्या सीटवर फक्त तिची पर्स. मागे सीटच नाही, म्हणजे मागून "जरा हळू", "जरा इकडून घे", "आधी याला सोड" म्हणणारं कुणी नाही. सिग्नल सुटला आणि ती गेली. बस, एवढंच. पण ती गोष्ट माझ्या डोक्यात बसून राहिली, आणि निवृत्त झाल्यावर मी नागपूरच्या एका डॉक्टरकडून ही जुनी गाडी घेतली. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं ते मला पाठ होतं.

गाडी दारात उभी राहिली तेव्हा नवरा चप्पल घालून बाहेर आला. मग वाकून आत पाहिलं आणि म्हणाला, "दूध देनाऱ्या गायीच्या लाता खाव्या. हे त दूधच देत नाही अन् लाता मारते." सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. त्यांनी आधी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडायला लावला, मग गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन सीट शोधली. ती सापडली नाही तेव्हा मला विचारलं, "मंग मी कुठं बसू वं?"

उत्तर होतं, पण सून सासूला देते तसलं ते नव्हतं. मी नारळाचे तुकडे गोळा करत राहिले, आणि त्या आत निघून गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी त्या गाडीकडे पाहिलं नाही. बाहेर जायचं असलं की पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी, त्यांची जागा ठरलेली होती.

गाडीने माझ्या नाकी नऊ आणले, हे मी कबूल करते. थंडीत सुरू होत नाही, उन्हात तापते, पावसात तर मीच काढत नाही. गावातल्या ब्रेकरवर तिचं पोट असं घासतं की दुकानांतून माणसं बाहेर येऊन पाहतात. उजवी काच वर गेली की खाली येत नाही. गावातला मिस्त्री ट्रॅक्टरचा माणूस. तो बॉनेट उघडतो, आत पाहतो, पुन्हा बंद करतो आणि म्हणतो, "बाई, हे आपल्याच्यानं होत नाही, पन पाहू." पार्ट कधी दिल्लीहून येतो, कधी येतच नाही. पण ती चालते तेव्हा, वैनगंगेच्या पुलावरून सकाळी, समोर रस्ता मोकळा असताना, तेव्हा मला कुणाची आई, कुणाची बायको, कुणाची बाई व्हावं लागत नाही. त्यासाठी तिच्या लाथा मी आनंदाने खाते.

मला राग होता तो दोरीचा. गाडी बंद पडली की मी फोन करायची आणि नवरा पांढरी गाडी घेऊन यायचा. येतो, हे मान्य. कधी नाही म्हणाला नाही. पण डिक्कीतून ती पिवळी दोरी काढताना त्याच्या चेहऱ्यावर जे हसू असायचं ते मला सहन व्हायचं नाही. सगळ्या बाजारातून पुढे पांढरी, मागे लाल, अशी आमची वरात निघायची, आणि तो ओळखीचा माणूस दिसला की मुद्दाम हळू करायचा. नवरात्रात त्या दोरीने माझ्या गाडीच्या पुढच्या बंपरचा तुकडाच ओढून काढला. मी रडले. तो म्हणाला, "पाह्य, आता हे पुरे झालं. गोंदियाचा एक जन मागून राहिला. देऊन टाकू."

मी नाही म्हटलं. तो ऐकेना, मीही ऐकेना. शेवटी जेवताना त्यानेच अट घातली. "दिवाळीनंतर तुह्या भावाकडं मंडई हाय. जा घेऊन. माही दोरी न लागता भावाच्या दारी गाडी उभी राहिली, त मी पुन्हा तोंड उघडत नाही. दोरी लागली, त गोंदियावाल्याले बोलावतो."

"मंजूर," मी म्हटलं. सासूबाई भाकरी मोडत होत्या. त्या कुणाच्याच बाजूने बोलल्या नाहीत.

मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीची खरी गंमत. भाऊबीज झाली की एकेका गावाची मंडई भरते. दुकानं लागतात, सोंगा-नाचाची दंडार होते, रात्री नाटक असतं, आणि गावातल्या लेकी, जावई, पाहुणे सगळे येतात. घरोघर परक्या माणसालाही जेवायला बोलावतात. गावची लेक कशी आली, कशातून आली, कुणासोबत आली, हे सगळं गाव पाहतं. मला तिथे माझी गाडी चालवत जायचं होतं. दाखवायला? हो, दाखवायलाच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाडीत मागे बसून, मांडीवर पिशव्या घेऊन मी माहेरी गेले होते.

मी एकटी पुढे निघाले. नवरा आणि सासूबाई पांढऱ्या गाडीतून मागाहून येणार होते. गाडीने त्या दिवशी अशी चाल धरली की मी गाणं म्हणायला लागले. मोठा रस्ता सोडून गावाच्या रस्त्याला लागले, तलावाची पाळ दिसली, आणि पुढे अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलेलं होतं. कडेने दगड ठेवलेले. उरलेल्या अर्ध्या रस्त्यावर भाताच्या पेंढ्याची तणस पसरलेली, ट्रॅक्टरमधून सांडलेली, चाकांनी दबलेली, गुडघ्याएवढी नाही तरी घोट्याच्या वर.

एस.टी. धानावरूनच जाते. मोटरसायकली जातात. कुणी काही म्हणत नाही. पण मी धानाच्या घरची लेक. सांडलेल्या दाण्यावर पाय पडला तर आधी तो कपाळाला लावायचा, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. धानावर चाक घालायला माझा हात वळेना. मी गाडी तणशीतून घातली.

उंच गाडीला काही झालं नसतं. माझ्या गाडीचं पोट तणशीने गच्च भरलं. थोडं पुढे गेल्यावर जळकट वास आला, मग बॉनेटच्या कडेने धूर. मी गाडी बंद करून बाहेर उडी मारली. मंडईला चाललेले लोक धावत आले. दोघातिघांनी आडवं पडून काठ्यांनी तणस ओढून काढली. कुठे कुठे तिला ठिणगी लागली होती, पण जाळ झाला नव्हता. तेवढ्यात कडेच्या शेतातून एक म्हातारबा पाण्याची बादली घेऊन आले आणि मी "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी ती सगळी बॉनेटच्या फटीतून आत ओतली. "बुजली, बाई!" ते आनंदाने म्हणाले. आग विझली आणि तिच्यासोबत गाडीही बुजली. किल्ली फिरवून फिरवून माझा अंगठा दुखला, पण ती हूं की चूं करेना.

गाव समोर दिसत होतं. भोंग्याचा आवाज येत होता. मी फोन हातात घेतला आणि पुन्हा पर्समध्ये टाकला. नाही करणार, म्हटलं. काय व्हायचं ते होवो.

पण फोनची गरज नव्हती. पांढरी गाडी मागून आलीच. तणशीवरून सहज, धानाचा एक दाणाही न मोडता. नवरा उतरला, धुराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डिक्कीतून दोरी काढली. तेच हसू.

"दोरी लावायची नाही," मी म्हटलं.

"मंग काय रात्रभर इथं राहाशीन? माही गाडी पाह्य. इतके वर्सं झाले, एक डाव तरी बंद पडली का? अशी पाह्यजे. कुरकुर नाही, नखरे नाही."

भोवती लोक उभे होते, त्यात माझ्या लहानपणच्या ओळखीचेही होते. मला तेव्हा जे वाटलं ते मी बोलून टाकलं, आणि ते बोलायचं मी ठरवलेलं नव्हतं.

"मी बी त कधी बंद नाही पडली, अजी. शाळा केली, घर केलं, तुमच्या गिरनीचे हिशेब केले, दोन लेकरं केले. तापात बी उठून सैपाक केला. एक दिवस बंद पडली नाही. तुमी एक डाव तरी विचारलं का, कशी आहेस म्हनून?"

नवरा दोरी हातात घेऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, आणि त्याच्या जागी काय ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. मलाही बोलून बरं वाटत नव्हतं. पण एक शब्दही मागे घ्यावासा वाटत नव्हता.

तेवढ्यात पांढऱ्या गाडीचं मागचं दार उघडलं. सासूबाई उतरल्या. काठी टेकत, तणशीतून पाय उचलत माझ्या गाडीपर्यंत आल्या. डावं दार त्यांना उघडता येईना, ते मी उघडलं. गाडी इतकी बुटकी की बसणं म्हणजे जमिनीवर बसण्यासारखंच. एक हात माझ्या खांद्यावर, एक छतावर, "अवं माय, अवं माय" करत त्या आत उतरल्या. पदर सारखा केला, काठी दोन पायांच्या मध्ये धरली आणि समोरच्या काचेतून गावाकडे पाहिलं.

"बापू," त्या मुलाला म्हणाल्या, "दोरी ठेव डिक्कीत. अन् ढकल."

"आई, लोक पाहून राहिले."

"पाहू दे. मंडई पाहालेच आले ते."

त्याने दोरी डिक्कीत ठेवली. मग माझ्या गाडीच्या मागे जाऊन वाकला. चार-सहा जण पुढे झाले, बादलीवाले म्हातारबाही झाले. मी स्टीअरिंगवर बसले. किल्लीला माझी शाळेतली शिट्टी अजून लटकलेली आहे. सासूबाईंनी ती बोटाने हलवून पाहिली आणि म्हणाल्या, "हे पिपानी वाजव ना." मी वाजवली. गाडी हलली.

इंजीन बंद असलं की या गाडीचं स्टीअरिंग दगडासारखं जड होतं. मी दोन्ही हातांनी ओढत होते, घाम येत होता, मागून "जोर लगा के" चाललं होतं, मुलं धावत होती. सासूबाईंना गावाकडे तोंड करून, पुढच्या सीटवर बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. तलावाच्या पाळीजवळ त्या हळूच बोलल्या, माझ्याकडे न पाहता.

"मले बी एखाद दिस असं रस्त्यात बंद पडाचं होतं, बाई. कोन पडू देल्लं?"

समोरचा रस्ता धूसर झाला आणि मी पुन्हा शिट्टी वाजवली.

भावाच्या दारी गाडी उभी राहिली. दोरी लागली नव्हती. भाऊ शरमून म्हणाला, "ताई, निरोप देल्ला असता त ट्रॅक्टर धाडला असता," पण वहिनीने आधी गाडीला ओवाळलं, मग आम्हा दोघींना. पांढरी गाडी कुणीतरी मागून आणून लावली, कुठे लावली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी स्वतः जाऊन पाहिली. तिच्या बॉनेटवर हात ठेवला. मला तिच्यावर कधीच राग नव्हता.

जेवणं चालू असताना गोंदियावाल्याचा फोन आला. नवऱ्याने तो सगळ्यांसमोर घेतला. "हो, बंद पडते," तो म्हणाला. "आज बी पडली." मग थोडा थांबला. "नाही, विकाची नाही." फोन ठेवून तो पुन्हा वरणभात कालवायला लागला. माझ्याकडे पाहिलं नाही. नंतर मात्र पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "हात दुखून राहिले का?" दुखत होते. मी सांगितलं.

गाडी अजून आहे. अजून बंद पडते, आणि मला ती विक म्हणणारे अजून भेटतात. त्यांनी म्हणत राहावं. दर आठवड्याला एकदा सासूबाई तयार होऊन दारात येतात आणि डाव्या दाराशी उभ्या राहतात. आम्ही नदीपर्यंत जातो, कधी त्याच्या पुढे. पर्स आता मला सीटमागच्या फटीत ठेवावी लागते. रस्त्यात गाडी बंद पडली की मी फोन लगेच काढत नाही. त्याही काढ म्हणत नाहीत. काचा खाली करतो, एक तर होतच नाही, आणि बसून राहतो. घरी लोक जेवायचे थांबलेले असतात. थांबू दे.